गॅसवरच्या दुधाचा प्रसंग

आई, ती मालिका सापडली! तुझी ती, मोठ्या घराची आणि तीन सुनांची, जिच्यासाठी तू मस्कतमधल्या अल हैलच्या आपल्या घरात अख्खी बिल्डिंग गोळा करायचीस. कोणीतरी भल्या माणसाने घरातल्या जुन्या कॅसेटींवरून उतरवून ती इंटरनेटवर टाकली आहे. इंटरनेट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, आज मला घाई आहे. चित्र थरथरतं, मध्येच पट्टे येतात, पण सगळे भाग आहेत आणि सगळे ओळीने आहेत. ओळीने, आई! आपल्या नशिबात हे कधी होतं का?

आपल्याला ती कशी मिळायची ते आठवून आज भांडी घासताना मी एकटीच हसत होते. पुण्यात मामा टीव्हीवरून रेकॉर्ड करणार, मस्कतला येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत कॅसेटी कोंबणार, आणि इथे एअरपोर्टवर त्या तपासायला ठेवून घेतल्या जाणार. सुटून यायच्या त्या आपल्या मर्जीने, पुढची आधी आणि मागची नंतर. त्यामुळे आपल्याकडे सून आधी माहेरून परत यायची आणि मग कधीतरी रुसून माहेरी जायची. त्यात मामाची हुशारी वेगळीच. जाहिराती नकोत म्हणून तो रेकॉर्डिंग थांबवायचा आणि परत सुरू करायला विसरायचा. ऐन भांडणात पडद्यावर मुंग्या आल्या की बाबा "खलास!" म्हणून उठायचे. तू मात्र उठायची नाहीस. पुढ्यातली परात सरकवून म्हणायचीस, "थांबा, काय झालं असेल ते मी सांगते." आणि सांगायचीस! हाताला कणीक तशीच, सासूचा आवाज काढून, मधल्या सुनेसारखी मान वेळावून. शेजारच्या रत्नागिरीकडच्या भाभी आपला भात गॅसवर विसरून "गो, पुढं काय झाला ता सांग आधी" म्हणत तुझ्या मागे लागायच्या. नंतर खरी कॅसेट आली की तोंड वाकडं करायच्या. "ह्यापेक्षा तुझाच बरा होता."

आणि आपली एकतीस डिसेंबरची संध्याकाळ! बाबा कुरुमच्या ऑफिसातून लवकर यायचे, भाभी सांदणं घेऊन यायच्या, तुझी पावभाजी ओट्यावर तयार असायची, पण जेवण लगेच मिळायचं नाही. आधी प्रत्येकाने वर्षभरात पाहिलेल्यातला सगळ्यात आवडता प्रसंग सांगायचा. सिनेमातला असो, मालिकेतला असो, नुसतं नाव घेऊन भागायचं नाही, उभं राहून सगळा सांगायला लागायचा. मग भांडून भांडून पहिला नंबर ठरायचा. बाबा दर वर्षी मारामारी निवडायचे आणि दर वर्षी हरायचे. मी शाळेत मैत्रिणींशी इंग्रजीत बोलायचे, त्यामुळे माझं मराठी अर्ध्या वाटेत अडायचं, आणि तू शब्द पुरवायची नाहीस. "सापडेल तुला, आम्हाला काही घाई नाही," म्हणायचीस. भाभींना भूक लागलेली असायची, त्या पुरवायच्या.

एका वर्षी गॅसवरच्या दुधाचा प्रसंग एकमताने पहिला आला, बाबांसकट. मोठी सून घर सोडून निघते. पिशवी घेतली आहे, चपला घातल्या आहेत, कोपऱ्यापर्यंत पोचली आहे, आणि तिला आठवतं की दूध गॅसवर राहिलं. ती परत येते. सगळ्यांच्या देखत स्वयंपाकघरात जाते, गॅस बंद करते, दुधावर ताटली झाकते, आणि परत निघते. आणि कोणीही तिला थांब म्हणत नाही. भाभी डोळे पुसत होत्या. माझ्या तर तिची मोरपंखी साडी अजून डोळ्यांसमोर आहे.

आता मला हा प्रसंग का हवा होता ते ऐक. माझी लेक आठ वर्षांची आहे. तुझा फोटो दाखवला की म्हणते, "ही तुझी मॉम." तुझी मॉम! जशी कोणी माझ्या ऑफिसातली बाई. 'आजी' हा शब्द तिच्या तोंडून तुझ्यासाठी येतच नव्हता, आणि याने मी किती खट्टू व्हायचे ते तुलाच सांगते आहे. तू कशी होतीस हे सांगायला गेले की माझ्याकडे नुसते गुण निघायचे, मायाळू, हसरी वगैरे. ती जांभया द्यायची. मला वाटायचं, तिला तो दुधाचा प्रसंग दाखवता आला आणि "हा तुझ्या आजीचा सगळ्यात लाडका" असं म्हणता आलं तर तू तिला थोडी तरी दिसशील. म्हणून यंदा डिशवर शेकडो चॅनेल असताना मी वर्षभर काय पाहिलं म्हणशील, तर महिनोन्महिने शोधाशोध आणि मग ही एकच मालिका. लेक शेजारी बसून कुरकुरायची, "ममा, हे किती स्लो आहे." मी म्हणायचे, थांब, येईल.

आणि तो भाग आला. सून पिशवी घेऊन निघाली, मी लेकीचा हात घट्ट धरला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, नवरा धावत आला, दोघं रडली, वर जोरात संगीत, संपलं. दूध नाही. गॅस नाही. साडी पिवळी! मी मागे-पुढे करून पाहिलं, पुढचे दोन भाग धुंडाळले, मग पुण्याला बाबांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले. "अगं वेडे, ती कॅसेट आलीच नव्हती. एअरपोर्टवर राहिली ती राहिलीच. तो भाग आपल्याला हिनेच सांगितला. मी तरी मत कोणाला दिलं होतं?" मी म्हटलं, पण बाबा, मोरपंखी साडी? ते म्हणाले, "ती तर तुझ्या आईची."

आई, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी घरभर फिरले. माझ्या आयुष्यातला पहिल्या नंबराचा प्रसंग कोणी काढलेलाच नव्हता, तो तू कणीक मळताना रचलास आणि मी तो पाहिला! त्या वेळी तुझ्या मनात काय होतं, कोणी थांब म्हणावं असं तुला वाटत होतं, हे मी विचारणार नाही. इतका छान प्रसंग आहे, तो तसाच राहू दे.

मग आज, एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी, मी पावभाजी ओट्यावर ठेवली, टीव्ही बंद केला, आणि लेकीपुढे उभी राहिले. सांगितला सगळा. चपला, कोपरा, ताटली. मध्ये एक-दोनदा अडले. ती जांभई द्यायची विसरली होती. संपल्यावर म्हणाली, "हे आजीने स्वतः मेकअप केलं?" रचलं म्हणायचं होतं तिला. "आणि मग मिल्क कोणी पिली?" आता हे तर तू कधी सांगितलंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि निघालंच, आई. संध्याकाळपर्यंत त्या दुधाला कोणी हात लावत नाही, मग सासू हळूच ताटली काढते, तिला विरजण किती घालतात तेच माहीत नसतं, ती भाभींकडे विचारायला जाते... हो, भाभी पण आल्या त्यात, रत्नागिरीच्या बोलीसकट. लेक लोळून हसली. भाजी निवून गेली तरी "मग? मग?" थांबेना.

ती आता झोपली आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू गेल्यापासून असा एक दिवस गेला नव्हता की तुझी आठवण आली नाही. आज ती गोष्ट सांगत होते ना, तेवढ्या वेळात मला तुझी आठवण एकदाही आली नाही.