शिरूरमध्ये न लागलेलं रीळ

आप्पा,

परवा पुण्यातल्या एका कॉलेजात माझी क्विझ होती. सिनेमा, टीव्ही, जाहिराती, गाणी, असलं सगळं. आता त्याला पॉप कल्चर म्हणतात आणि खुणा काढणाऱ्या बाईला क्विझमास्टर म्हणतात. वर शाल देतात, एवढ्या उकाड्यात. शेवटच्या फेरीत मी पिक्चर ओळखायला एक खूण दिली आणि एकाही टीमला ओळखता आलं नाही. उत्तर सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलानं फाडकन कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही म्हणायचात, "उत्तर ऐकल्यावं मान्सानं सोत्ताच्या कपाळावं हात मारला पायजे. खूण काढणाऱ्याच्या टाळक्यात मारावा वाटला, तर खूण फसली." त्या मुलाचा हात बरोबर जागी गेला. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी काही रोज तुमची आठवण काढत बसत नाही, खोटं कशाला सांगू. पण तो हात बघितला आणि आईनं गेल्या दिवाळीत सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला कधी कळलीच नाही, हे ध्यानात आलं. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंही यात येईल. पहिल्यापासून लिहिल्याशिवाय मला नीट आठवत नाही.

नव्वदच्या दशकात शिरूरला घरोघर केबल आली, तरी आपलं टॉकीज तग धरून होतं. तुम्ही तिथं प्रोजेक्टरवर ऑपरेटर. गणपतीत मंडळानं 'ओळखा पाहू'ची स्पर्धा काढली, तेव्हा खुणा कोण देणार म्हटल्यावर सगळ्यांनी तुमच्याकडं बोट दाखवलं. तुम्ही पिक्चर पाहायचात आणि मी लिहून घ्यायची, कारण मी कॉलेजात जात होते आणि माझं अक्षर बरं होतं. बघता बघता खुणा मीच काढायला लागले आणि तुम्ही त्या खोडायला लागलात.

खुणांची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात व्हायची. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, मी दारात उभी राहून वाचते आहे. "सगळ्या पिक्चरभर हिरो पावसात भिजतो, पण पँटीची इस्त्री मोडत नाही." आईचा हात परातीत थांबला की खूण पास. तिनं थापता थापता नाव सांगितलं तर सोपी, नुसतीच थापत राहिली तर नापास. आईला आपण परीक्षक आहोत हे कुणी सांगितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली की तुम्ही खूश व्हायचात आणि ती करपलेली स्वतःच्या ताटात घ्यायचात.

एकदा मी मोठ्या हुशारीनं एका गाण्यात मागं बासरी कोण वाजवतो ते विचारलं होतं. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तुम्ही ताट बाजूला सारलंत. "ही खूण कुणासाठी काढलीस?" मी म्हटलं, स्पर्धेसाठी. "न्हाई. सोत्तासाठी काढलीस. मला किती कळतंय बगा, म्हनून. न्हावरं गावातली बाई कांदं इकून पिक्चरला येती, तिनं जे बगितलंय त्येच तिला इचारायचं. तिच्या डोळ्याम्होरनं गेलेलं तिला आठवाया लावायचं. आन् खूण खोटी नसावी. अवघड चालंल, खोटी न्हाई." मला तेव्हा रडू आलं होतं. आज मुलांना शिकवताना मी हेच सांगते, फक्त कांद्याची बाई वगळून, कारण पुण्यातल्या मुलांना ती हसायची गोष्ट वाटते.

आता दादाचं. घरात आपण त्याचं नाव काढत नव्हतो, पण इथं काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बारावीला पुन्हा बसायचं सोडून तो ट्रकवर जायचं म्हणाला, तुमची त्याची बोलाचाली झाली, तुम्ही म्हणालात, जायचं तर जा, आणि तो खरंच गेला. कुणी सांगायचं भिवंडीला दिसला, कुणी म्हणायचं सुरतेला. आई झोपायच्या वेळेपर्यंत पुढचं दार लोटायची नाही, आणि मांजर आत येतं म्हणून तुम्ही कुरकुरायचात.

त्यानंतर वर्षभरात टॉकीजला तो दोन भावांचा मराठी पिक्चर आला. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. रिळांच्या पेट्या आल्या की तुम्ही आदल्या दिवशी रिकाम्या टॉकीजमध्ये पिक्चर एकदा लावून बघायचात, तसा तोही बघितलात. थोरला मुलगा घर सोडून जातो. शेवटून दुसऱ्या रिळात तो परत येतो आणि आईच्या मांडीवर प्राण सोडतो. मग शेवटचं रीळ: धाकट्याचं लग्न, आणि आई जुन्या सवयीनं मांडवातून उठून दारात येऊन बसते. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांबरोबर आपली आई पहिल्याच खेळाला येणार होती. तुम्ही टॉकीजच्या मालकाला म्हणालात, पिक्चर लांबतोय, न्हावऱ्याची शेवटची एसटी चुकंल, लोक निम्म्यातनं उठतील. गाणं काढलं तर खुर्च्या मोडतील, त्यापेक्षा हे रडारडीचं रीळ काढू. मालक हो म्हणाला. शिरूरला तो पिक्चर लागला, उतरला, पुन्हा दोनदा लागला, आणि प्रत्येक वेळी ते रीळ पेटीतच राहिलं. पिक्चर मध्येच उडी मारायचा, पण आपल्याकडच्या लोकांना उड्यांची सवय होती. अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेल्या त्या पिक्चरमध्ये थोरला परतच येत नाही, आणि आई त्याची वाट बघत दारात बसते. केबलवर तो कधी दिसला नाही, त्यामुळं कुणाला कळायची सोय नव्हती. मलाही हे सगळं नंतर कळलं.

मग शिरूर आणि दौंडची स्पर्धा ठरली. दौंडला शाळेच्या पटांगणात मांडव, रविवारची दुपार, आपल्याकडचे दोन टेम्पो भरून लोक. रीत अशी की शिरूरनं खूण द्यायची, दौंडनं ओळखायची, मग उलट. खूणच चुकीची निघाली तर देणाऱ्यांची हार. बरोबरी झाली आणि शेवटची खूण आपली होती. ती मी घरात वाचून दाखवली नव्हती. परातीसमोर उभं राहून आईला ती ऐकवणं मला जमलं नसतं. मी माइकवर वाचली: "थोरला घर सोडून जातो, तो धाकट्याच्या लग्नालाही येत नाही. आई मांडवातून उठून दारात बसते. पिक्चर कोणता?"

दौंडच्या टीममध्ये रेल्वे क्वार्टरमधली एक चष्मेवाली मुलगी होती, माझ्याच वयाची. ती उभी राहिली. "सर, खूण चुकीची आहे. थोरला परत येतो. आईच्या मांडीवर मरतो. आम्ही घरच्या सगळ्यांनी बघितलाय."

आपल्या बाजूनं एकच गिल्ला झाला. "खोटं! आमी तीन-तीन बारी बगितलाय!" "आमाला कवाच दिसला न्हाई मरताना!" दौंडवाले हसत होते, आपले बाह्या सरसावत होते. पंच म्हणून केडगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी तो पिक्चर बघितलाच नव्हता. तेवढ्यात आपल्यातलं कुणीतरी ओरडलं, "आमचं ऑपरेटर हितंच बसल्यात की! त्यान्ला इचारा!" गुरुजी माइकवर म्हणाले, "ऑपरेटर, तुम्ही सांगाल ते प्रमाण."

तुम्ही उठलात. खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतलात. आधी माझ्याकडं नाही, गुरुजींकडं नाही, बायकांच्या बाजूला बघितलंत. आई तिसऱ्या-चौथ्या रांगेत होती, पदराचं टोक मुठीत धरून तुमच्याकडंच बघत होती. मग तुम्ही टॉवेल परत खांद्यावर टाकलात.

"न्हाई येत," तुम्ही म्हणालात. "थोरला परत येत न्हाई. ती पोरगी दुसऱ्या कुठल्या पिक्चरचं सांगत असंल."

आपण जिंकलो. शील्ड मिळाली. ती मुलगी चष्मा पुसत खाली बसली आणि परतीच्या टेम्पोत आपल्या पोरांनी तिची नक्कल करून दाखवली. तुम्ही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलंत आणि रिळाचं सगळं सांगितलंत. "आयंम्होरं बोलू नगं," एवढंच शेवटी. मी विचारलं, आणि त्या मुलीचं काय? त्याच आठवड्यात पॉलिश करून आणतो म्हणून तुम्ही मंडळातून शील्ड घेतलीत, पिशवीत घातलीत आणि मला घेऊन दौंडच्या एसटीत बसलात. क्वार्टरच्या दारात तुम्ही त्या पोरीपुढं उभे राहिलात. "बाय, तुजं बराबर हुतं. मी खोटं बोललो. माज्या मालकिनीपायी बोललो, तिचा पोरगा घराभायेर हाय." तिनं तुमच्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. "शील्ड ठेवून जा," ती म्हणाली. "कुणाला सांगणार नाही. पण शील्ड ठेवून जा." मला ती फार आवडली. मंडळाला तुम्ही शील्ड एसटीत विसरली म्हणून सांगितलंत, आणि त्यांनी तुम्हाला महिनाभर त्यावरून टोमणे मारले.

त्यानंतर तुम्ही एकही खूण काढली नाहीत, खोडलीही नाहीत. मी वाचायला लागले की म्हणायचात, "तुजं तू बग. माज्या त्वांडावं इस्वास ठिवाया नगं." पुढं टॉकीज बंद पडलं, आणि मग तुम्ही गेलात. दादा तेव्हाही आला नाही. त्याला कळलं तरी होतं का, हे आम्हाला आजही माहीत नाही.

आता दिवाळीतली गोष्ट. आई माझ्याकडं पुण्याला होती. तो पिक्चर कुणीतरी इंटरनेटवर टाकलेला मला सापडला होता, कामासाठी म्हणून मी तो फोनमध्ये घेऊन ठेवला होता. आईनं चष्मा लावून फोनवरचं चित्र बघितलं. "ह्यो त्यो दोन भावांचा न्हवं? लाव की." मी लावला. बराच वेळ बघितल्यावर ती सहज म्हणाली, "आता त्यो मरायला यील. तेवडं सोड, म्होरलं लाव."

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"व्हय. शिरूरला बगितला, आन् त्याच साली भाऊबिजंला मामाकडं दौंडाला गेलते, तवा वयनीसंगं बगितला. तवाच कळलं यांनी रीळ काडलंय म्हून."

"मग आप्पांना बोलली का नाहीस?"

"त्यान्ला वाटत हुतं मला ठावं न्हाई. वाटू दे म्हनलं."

"आणि तरी परत परत शिरूरला जाऊन बघायचीस?"

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की एवढं शिकून हिला कळत कसं नाही. "आगं, दौंडाला त्यो मरतो. हितं न्हाई मरत. म्हून हितं बगायची." मग फोनकडंच बघत, "स्पर्धंच्या मांडवात त्ये उठलं, माज्याकडं बगितलं, तवा मला वाटलं आता खरं बोलत्यात. मी मनात म्हनलं, नगा बोलू. आन् न्हाई बोललं."

एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, आप्पा. तुम्ही आईपासून लपवलंत असं तुम्हाला मरेपर्यंत वाटलं, आणि त्यापायी तुम्ही तुमचं एकमेव आवडतं काम सोडलंत. ती तर तुमच्याकडून तेच मागत होती. मला तुम्हा दोघांचा राग आला. एका घरात, एका परातीभोवती बसून इतकं न बोलता राहायचं म्हणजे काय. रागावून झाल्यावर मी मोरीत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन चहा ठेवला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आईलाही वाचून दाखवायचं नाही. तिला सगळं माहीतच आहे. फक्त एक सांगून टाकते. धंद्यासाठी मी पिक्चर शेवटपर्यंत बघते, अर्धवट बघितलेल्यावर खूण काढत नाही. पण हा एक पिक्चर मी आजवर अख्खा बघितलेला नाही. तुम्ही काढायचात तेवढा भाग मी बोटानं पुढं सरकवते, आई शेजारी नसते तेव्हासुद्धा.