उभ्या सोंगटीचा निकाल

रविवार, ४ मे. संध्याकाळ.
आज कॅरमच्या इतिहासात कधी घडलं नसेल असं घडलं. माझी शेवटची पांढरी सोंगटी काळीवर आपटून उडाली आणि पॉकेटच्या तोंडाशी चक्क कडेवर उभी राहिली, स्ट्रायकरला टेकून. स्ट्रायकर उचलला तर ती आत पडणार की बाहेर, देव जाणे. दादा म्हणाला, उचल रे, पडेल तिकडे पडेल. मी म्हटलं, आधी नियम, मग हात. बोर्ड तसाच डायनिंग टेबलवर ठेवलाय.

बाबा गेल्यापासून दादा दर रविवारी येतो. बाबांविषयी आम्ही बोलत नाही. खेळतो. बरं चाललंय.

सोमवार, ५ मे.
नियमावली लिहायला घेतली. ‘विचित्र टकरींचे निकाल’. प्रकरणं: उभी राहिलेली सोंगटी, दुसरीवर चढलेली, पॉकेटच्या काठावर लटकलेली. रोज दोन पानं. महिन्याभरात छापायला. आज शीर्षक लिहून खाली रेघ मारली. सुरुवात झाली म्हणायची.

गुरुवार, ८ मे.
ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. खबरदारी म्हणून पंखाही बंद. बायको म्हणाली, घामाने जीव जातोय. तिला समजावलं की संशोधनात घाम गाळावाच लागतो. ती गच्चीवर जाऊन जेवली.

रविवार, ११ मे.
दादा आला. बोर्ड बघून हसला. म्हणाला, बरं बाबा, गेली आत असं धर, तू जिंकलास, आता नवा डाव मांड. मी साफ सांगितलं, मला भीक नको, निकाल हवा. शिवाय चालू डाव संपल्याशिवाय नवा मांडता येत नाही. (हा नियम कालच केला.)

दादाने चहा संपवला. मग म्हणाला, “बाबा असते तर त्यांनी सरळ फुंकर मारली असती.”

मला काही वाटलं नाही. निघताना त्याने चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला. पुढच्या रविवारपर्यंत पटेल त्याला.

रविवार, १८ मे.
दादा आला नाही. कामात असेल. उद्यापासून पहिलं पान, नक्की.

रविवार, २५ मे.
आला नाही. मी फोन करणार नाही, केला तर माझी बाजू लंगडी पडते. मला काही वाटत नाही. जेवण जात नाही ते उकाड्यामुळे.

बुधवार, २८ मे.
बायकोने बोर्डवरची धूळ पुसायला स्ट्रायकर उचलला. सोंगटी आत! म्हणजे मी जिंकलो. लगेच दादाला फोन लावला. वहिनीने उचलला. म्हणाली, ते शेजारी गेलेत, हल्ली रोज तिकडेच कॅरम खेळतात. काही निरोप आहे का, विचारलं. नाही म्हटलं.

रविवार, १ जून.
पाच वाजता बोर्डवर पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या. दाराकडे तोंड करून बसलो. बायको समोर येऊन बसली. म्हणाली, मी खेळू? मी म्हटलं, तुला नियम माहीत नाहीत. ती म्हणाली, “भाऊजींना तरी कुठे माहीत होते? ते तुमच्यासाठी यायचे.”

तेव्हा मात्र वाईट वाटलं. बाबांचंही, आत्ताच कळल्यासारखं.

पहिला शॉट मी मारला. एकही सोंगटी गेली नाही.