खिडकीतल्या बाईचा हात

प्रिय धाकटे,

पत्र पाहून म्हणशील, फोन हाताशी असताना थोरल्या जावेला हे काय सुचलं? फोनवर माझ्याच्याने हे बोलवलं नसतं.

तुमची बदली होऊन तू गावही सोडलंस, तरी चित्रकलेच्या क्लासात तुझा स्टँड अजून रिकामाच आहे. सर तसेच आहेत. कुणी काळा रंग थेट ट्यूबमधून घेतला की कपाळाला हात लावतात. नव्या बॅचलाही त्यांनी आपलंच चित्र नकलायला दिलंय, रेनेसाँच्या काळातलं, खिडकीशी हातावर हात ठेवून बसलेली बाई. चेहऱ्याला आधी करडा-हिरवट थर द्यायला लावला, तेव्हा तू म्हणाली होतीस, "हिला मळमळतंय वाटतं!" मग महिनाभर त्यावर पातळ गुलाबी थर चढवत गेलो आणि गालांत हळूहळू रक्त आलं. माझ्या बाईचा चेहरा बरा उतरला होता. तो मीच केला, हे तूही कबूल करशील.

वरचा हात मात्र जमेना. तीनदा खरवडला. सर म्हणाले, "हा हात नाही, पीठ भरलेला हातमोजा आहे." प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. मी चिडून ब्रश टाकला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर हात जिवंत! पेरांवर प्रकाश, मनगटाशी निळसर शीर. तू आपली ब्रश धूत होतीस. "थोडा सारखा केलाय, राग नका मानू," म्हणालीस. मी रागावले नाही. आभारही मानले नाहीत.

प्रदर्शनात सर एकेकाला त्या हातापाशी नेत होते. "कसा साधलात?" त्यांनी मला विचारलं. तू मागे माझी पर्स धरून उभी. मी म्हणाले, "बसला एकदाचा." एवढंच. मग बक्षीस घेतलं, फोटो काढून घेतला. सासूबाईंनी चित्र बाहेरच्या खोलीत लावलं, तेव्हा आल्यागेल्याला मी नेमका हातच दाखवत राहिले. त्याहून वाईट म्हणजे, जेवताना सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुला हौस आहे गं, पण चिकाटी हवी." तू मलाच वाढत होतीस. तुझा डाव क्षणभर थांबला. पुढच्या सोमवारपासून तू क्लासला आली नाहीस. गुडघा दुखतो म्हणालीस. तोच गुडघा कपड्यांची बादली घेऊन दोन जिने चढत होता, हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

गेल्या मंगळवारी सरांनी नव्या बॅचला हात रंगवून दाखवायला मला उभं केलं. एक बोट ओढलं, दुसरं ओढलं, आणि पुन्हा तोच पिठाचा हातमोजा व्हायला लागला. मनगट दुखतंय ही सबब अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "काकू, सावकाश. आम्हाला घाई नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "तो हात माझा नाही. माझ्या धाकट्या जावेने केलाय."  सर म्हणाले, "मला ओळखता यायला हवं होतं," आणि तुझा पत्ता मागितला.

पण क्लासातली माणसं परकी, तिथे सांगणं त्या मानाने सोपं. घरी अजून कुणाला माहीत नाही. येत्या रविवारी तू आणि भावजी याल, तेव्हा सासूबाईंसकट सगळे जेवायला बसलेले असतील. मी तिथेच सांगणार आहे. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे; हसण्यावारी नेशील, विषय बदलशील, मला सांभाळून घेशील. त्या दिवशी मध्ये पडू नकोस, एवढं मागायलाच हे लिहिलं. आणि माफ केलं असंही लगेच म्हणू नकोस.

तुझीच,
थोरली