पाठीचं मलम

कळंब, सोमवार, दिवेलागणीला

पाठीच्या खाजेसाठी लेकीनं पुण्याहून भांगेच्या बियांच्या तेलाचं मलम पाठवलंय. भांग म्हटल्यावर मी दचकलोच. ती म्हणाली, "पप्पा, यानं नशा होत न्हाय. पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, पुरळ येतंय का." न्हाय आलं. पण पाठीच्या मधोमध माझा हात पोचतच न्हाय. तिथं तेल लावायची ती तिची आई. ती गेल्यापासून... उलथन्याला फडकं बांधून पाहिलं, निम्मं मलम बनियनलाच लागलं. शेजाऱ्याला कसं सांगायचं?

आत्ता लेकीचा फोन आला, "आराम पडला का?" म्हटलं, "व्हय, लई." खोटं बोललो. वाया जाऊ नये म्हणून रोज कोपरालाच लावतोय. कोपर मऊ झालंय. खाज आहे तिथंच.