मामांची बारा वर्षं

कूम, ४ सफर, हिजरी २१५

ती. मामांना जहमचा सलाम. वि. वि.

मी कूमला सुखरूप पोहोचलो. इथली डाळिंबं गोड, माणसं कडक. तुम्ही उस्ताद यासीन यांच्या तोंडून ऐकलेली इमामांची सतरा वचनं मी इथल्या शेखांना वाचून दाखवली. शेख खूश झाले. मग त्यांनी सहज तुमचं वय विचारलं आणि मी तोऱ्यात अठ्ठावन्न सांगितलं. तुमच्या लग्नात अठ्ठेचाळीस ऐकलं होतं, त्यावर दहा वर्षं झाली.

शेखांनी बोटांवर मोजलं. उस्ताद वारले १६० साली, म्हणजे तेव्हा तुम्ही तीन वर्षांचे. शेख म्हणाले, तीन वर्षांचं पोर खजूर मागतं, वचनं पाठ करत नाही. सतराही वचनांवर त्यांनी रेघ मारली. वचनं सांगणाऱ्यांच्या वहीत तुमच्या नावापुढे ‘खोटारडा’ लिहायला निघाले होते, मी हातापाया पडून थांबवलं. रजब महिना लागेपर्यंत खुलासा करायची मुदत आहे.

मामींना सलाम. भाच्यावरचा लोभ या पत्राने आटू देऊ नये.

तुमचा जहम

*

कुफा, ९ रबीउल अव्वल २१५

चि. जहम यास मामाचे आशीर्वाद.

अरे शहाण्या, कोणी वय विचारलं म्हणून लगेच सांगायचं असतं होय? मी सत्तरीचा आहे. रबाबला मागणी घातली तेव्हा मी साठीचा होतो, ती तिशीची. धीर सुटला आणि मी बारा वर्षं गिळून टाकली. उस्ताद गेले तेव्हा पंधराचा होतो, चांगली मिसरूड फुटली होती.

ही वचनं माझ्याबरोबर ऐकणारे सगळे मातीआड गेले. माझ्यावर रेघ पडली तर उस्तादांचा शब्दच संपला. तू शेखांच्या कानात खरं वय सांग, पण तुझ्या मामीला पत्ता लागता कामा नये. आपल्या तेलाच्या दुकानात सगळं कुफा येतं नि सगळं तिच्यापर्यंत जातं.

पोस्तीन घालत जा, कूमची थंडी वाईट. मामाची आठवण ठेव, वय विसर.

नुमैर

*

कूम, १२ रबीउस्सानी २१५

ती. मामांना सलाम. वि. वि.

कानात सांगितलं. शेख मोठ्याने म्हणाले की मग तर आणखीच पंचाईत: आधी नुसतं वय जमत नव्हतं, आता माणूस खोटं बोलतो हेही कळलं. एकच वाट आहे म्हणाले. ज्याच्याशी खोटं बोललात त्याच्यासमोर कबूल करा आणि त्याच माणसाचं पत्र येऊ दे. स्वतःच्या विरुद्ध दिलेला जबाब ते मानतात.

म्हणजे मामी. मामा, मला तुमची कीव येते, पण दुसरा उपाय नाही. रागावलात तरी चालेल, परकं करू नका.

जहम

*

कुफा, १६ जमादिउल अव्वल २१५

चि. जहम यास रबाबमामीचे आशीर्वाद.

तुझे मामा तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी तेलाच्या रांजणाकडे तोंड करून म्हणाले की मी सत्तरीचा आहे. मी म्हटलं, रांजणाला काय सांगता, इकडे बघून सांगा. मग माझ्याकडे बघून सांगितलं. रडले बिचारे.

अरे, मला लग्नाआधीपासून माहीत आहे. उस्ताद यासीनांच्या शेजारीच माझी हुबैबा आत्या राहायची. ती सांगायची, मिसरूड फुटलेला नुमैर रोज धड्याला यायचा आणि जाता जाता तिच्या झाडाची बोरं खाऊन जायचा. त्या बोरांवरून ती अजून ह्यांना शिव्या घालते. आत्याची साक्ष कुफ्याच्या दोन शेजाऱ्यांसमोर लिहून सोबत पाठवते आहे. मला म्हातारा चालला, म्हणून तर केला. दर गुरुवारी ह्यांच्या दाढीची मेंदी मीच कालवून ठेवते. ह्यांना वाटतं बरणी आपोआप भरते.

शेखांना माझ्या नावाने सांग: ज्या माणसाला दहा वर्षांत एक खोटं धड लपवता आलं नाही, तो सतरा वचनं काय रचणार?

लवकर ये. तुझ्यावाचून ह्यांना भांडायला कोणी नाही.

रबाब

*

कूम, २० जमादिउस्सानी २१५

ती. मामा आणि मामींना सलाम. वि. वि.

शेखांनी आत्याची साक्ष दोनदा वाचली, मामींचं पत्र तीनदा. मग स्वतः चाकू घेऊन सतराही रेघा खरवडून काढल्या. मामांच्या नावापुढे काय लिहिलं ते तसंच्या तसं उतरवून पाठवतो:

‘विश्वासू. वय सोडून. साक्षीदार: बायको.’

जहम