अनुमोदन आहे

४ फेब्रुवारी
ताईच्या दुकानात, पार मागच्या भिंतीवर, नगरपालिकेने आज लाल खूण केली. रस्ता रुंद होणार. खुणेपर्यंतचं सगळं जाणार. म्हणजे शिलाई मशीन, कपाट, आणि आई-वडील गेल्यावर तिने मला बसवून शिकवलं तो कोपरा. ताईने विचारलं, तू नगरसेवक आहेस ना? मी म्हटलं, आहे. मग बोल, म्हणाली. मी म्हटलं, बोलतो. विषय संपला. मी विरोध करणार.

६ फेब्रुवारी
अजेंडा आला. सभा २० ला, रस्ता रुंदीकरण हा विषय क्रमांक चौदा. तीन वर्षांत सभागृहात मी दोनच शब्द बोललोय. ठराव औषधवाले सदस्य मांडतात, त्याला दुसऱ्या कोणाचा तरी पाठिंबा लागतो, मग मी म्हणतो 'अनुमोदन आहे'. पहिल्या सभेत माईक माझ्याजवळ होता, तेव्हापासूनची पद्धत. काही जण मला अनुमोदनराव म्हणतात. प्रेमाने म्हणतात.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
भाषण तयार. दोन पानं. बायकोला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पहिलं पान अध्यक्षांचे आभार मानण्यातच गेलंय. तिला राजकारण कळत नाही.

११ फेब्रुवारी
अध्यक्ष माझ्या चष्म्याच्या दुकानात आले, स्क्रू ढिला झाला म्हणून. जाता जाता म्हणाले, चौदा नंबरचा विषय एकमताने झाला की बरं. एवढंच. माझा हात थरथरत होता, पण स्क्रूच इतका बारीक असतो की कोणाचाही थरथरेल.
दारातून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चष्मा मीच करून दिलाय. फक्त वाचण्याचा आहे. वरून बघतात तेव्हा त्यांना लख्ख दिसतं, हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक नाही.

१४ फेब्रुवारी
ताई भाषणासाठी कोट शिवतेय. छातीचं माप घेताना टेप तशीच धरून म्हणाली, किती धडधडतंय रे. मी म्हटलं, जिना चढून आलो. तिच्या दुकानाला जिना नाही.

१७ फेब्रुवारी
प्रॅक्टिस. समोर डोळे तपासायचा तक्ता. 'सन्माननीय अध्यक्षमहोदय' झकास जातं, पुढे घसा बसतो. हवामान. दुसरं पान काढून टाकलं. भाषण आटोपशीर हवं.

१९ फेब्रुवारी
पहिलं पानही काढलं. आता एकच वाक्य: 'माझा विरोध आहे.' तीन शब्द. नेहमीपेक्षा एकच जास्त.
खरं सांगायचं तर मला भयंकर भीती वाटतेय. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. जेवण गेलं नाही. पोटात गोळा आहे. पण उद्या सकाळी नसेल.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
होता.
ताई दुपारीच दुकान बंद करून आली. असं तिने कधी केल्याचं मला आठवत नाही. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसली. मी नवा कोट घातला होता. तेरावा विषय सुरू झाला आणि पोटात कळ आली. तोंडावर पाणी मारून दोन मिनिटांत परत यायचं, असं ठरवून स्वच्छतागृहात गेलो. तिथेही स्पीकर लावलाय, सदस्यांचं काही चुकू नये म्हणून. चौदा नंबर पुकारला. माझा हात कडीवर होता. तिथेच राहिला.
औषधवाल्यांनी ठराव मांडला. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन? सभागृह गप्प. माझ्या लक्षात आलं, मीच जागेवर नाही म्हटल्यावर ठराव अडकला. म्हणजे बाहेर न जाणं हाच विरोध. हे मी तिथल्या तिथे, थंड डोक्याने ठरवलं. एवढ्यात लेखनिकाने 'नेहमीप्रमाणे' असं म्हणून माझं नाव वाचलं. सर्वानुमते मंजूर.
बाहेर ताईने विचारलं, कुठे होतास? मी म्हटलं, अर्जंट फोन होता. तिने माझी ओली बाही धरली, म्हणाली, फिनाईलचा वास येतोय.

२३ फेब्रुवारी
काही बिघडलेलं नाही! पुढच्या सभेत पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. तेव्हा कोणीही उठून म्हणू शकतो, हे असं घडलंच नाही. मग ठराव पुन्हा घ्यावा लागतो. लेखनिकाला एका मित्राची अडचण म्हणून विचारलं. लगेच ताईला सांगायला गेलो. ती म्हणाली, मग तू कुठे होतास ते भर सभेत सांगावं लागेल. एवढा विचार मी केला नव्हता.

१९ मार्च
उद्या सभा. 'मी स्वच्छतागृहात होतो.' तक्त्यासमोर वीस वेळा म्हटलं. लाज कसली? सगळेच जातात. गोळा आहे, पण लहान.

२० मार्च
विषय पहिला. मी उठलो. कोणी सांगितलं नव्हतं, आपला आपण उठलो, हे नोंदवून ठेवतो. ताई आली नव्हती, दुकानातलं सामान बांधत होती. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, अनुमोदन का?
माझा आवाज इतका खणखणीत कधीच लागला नव्हता, असं औषधवाले नंतर म्हणाले. माईकचीही गरज पडली नाही. दोनच शब्द.

२ एप्रिल
ताईचं मशीन आता माझ्या दुकानात, तक्त्याखाली. गिऱ्हाइकं त्या खडखडाटात अक्षरं वाचतात. ती मला काहीच विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या सभेसाठी काही मुद्दे काढून ठेवलेत.

५ एप्रिल
ताईने माझा कोट उसवून मशीनला कव्हर शिवलं. बेतलं छान. तुला आता कुठे लागणार आहे, म्हणाली.
मी म्हटलं, बरोबर आहे.