आठ क्लिपा आणि एक मामा

ओझर, ११ फेब्रुवारी २००३

ति. वाल्मीकदाजींना किशोरचा दंडवत (लांबूनच घालतोय, जवळ येण्याची सध्या हिंमत नाही). अक्काचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्हींना थोडा उतार पडला असेल अशी आशा आहे.

रविवारी कळवणला सायलीच्या साखरपुड्याला सगळे जमले आणि सख्खा मामाच आला नाही. आमची सौ. सविता एस.टी.ने पोचली म्हणून निदान साडीची तरी हजेरी लागली. "असला मामा लग्नात पोरीच्या पाठीशी उभा नको," असं तुम्ही सर्वांदेखत म्हणालात म्हणे. (सवितानं ते तुमच्याच आवाजात करून दाखवलं.) दाजी, फार लागलं मला. बोहल्यावर तिच्यामागे उभं राहायचं हे तिच्या बारशापासून मी मनात धरलंय. म्हणून काय घडलं ते सगळं लिहितो.

आमच्या वीस वर्षांच्या फियाटचं रबर म्हातारं झालं होतं. कार्बोरेटरकडे हवा नेणारी नळी वाळक्या गवारीसारखी तडकलेली, आणि पेट्रोलची नळी झिरपत होती. ती मीच बदलली. मेहुण्याच्या द्राक्षबागेतला ठिबकचा उरलेला तुकडा अगदी मापात बसला, तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी एक चहा जास्त प्यालो. दोन दिवसांत तो तुकडा पेट्रोलनं लिबलिबीत झाला. शेवटी शनिवारी ओझरला सोमनाथकडे गेलो. हा गृहस्थ तिथल्या विमान कारखान्यात तीस वर्षं फिटर होता, आता घरामागे गाड्या बघतो. ती नळी त्यानं दोन बोटांत उचलली. "साहेब, गाडी चालवायची का द्राक्षं धरायची हिला?"

पण माणसाचं काम बघत राहावं, दाजी! काढलेल्या प्रत्येक नळीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. पांढऱ्या फडक्यावर नळ्यांची तोंडं आवळणाऱ्या जुन्या क्लिपा ओळीनं मांडलेल्या. नवी नळी बसवण्याआधी तो तिच्यातून आरपार बघायचा, दुर्बिणीतून बघतात तसा. रविवारी सकाळी सातला सगळं बसलं, मी किल्लीला हात घातला आणि तो म्हणाला, "थांबा. मोजणी."

काढलेल्या क्लिपा आठ, फडक्यावर सात. आठवी जर हवेच्या वाटेत पडली असेल तर इंजिन तिला ओढून घेईल आणि आतून फुटेल. कारखान्यात एक पाना हरवला तरी विमान उडत नसे, आणि तो सापडेपर्यंत माणूसही फाटकाबाहेर जात नसे. तोच नियम मला लागू झाला! त्यानं सगळ्या नळ्या पुन्हा सोडल्या. मी शेजारच्या दुकानातून तसलीच क्लिप आणून हळूच चाकाखाली टाकली. (साखरपुडा अकराचा होता हो.) त्यानं ती उचलून हुंगली. "लय चांगली हाय. पण हिला पेट्रोलचा वास नाय." दुपारी तीनपर्यंत तो बोनेटमध्ये वाकलेला होता, जेवलासुद्धा नाही. माझा संताप झाला होता, तरी सांगतो, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हा दोष माझा नाही, हे आपण जाणालच.

आपला नम्र,
किशोर

ता.क. क्लिप सोमवारी सापडली. माझ्या चष्म्याच्या घरात होती. सोमनाथनं "जरा धरा" म्हणून दिली होती, ती मी जपून ठेवली. रविवारी चष्मा न लावताच शोधत होतो, त्यामुळे घर उघडलंच नाही.

ता.ता.क. वरचं ता.क. लिहायचं नव्हतं. पण हे पत्र सोमनाथच्या अंगणात बसून लिहितोय, आणि खरं लिहिल्याशिवाय तो किल्ली देत नाही. पत्र त्यानं वाचलंय. खाली त्याला दोन ओळी लिहायच्या आहेत.

दाजीसाहेब, क्लिप भेटली, मोजणी जुळली, गाडी पास हाय. साहेब हिशेबाला कच्चे, पण पोरीचं नाव काढलं की डोळे पुसत होते, ते मी बघितलंय. आपण मोजल्याशिवाय बोनेट लावत नाय. तुमी बी मामा मोजल्याशिवाय अंतरपाट धरू नका. — सोमनाथ